निर्व्यसनी गटातल्या विमलताई

आमच्या अभ्यासात विमलताईंची गणना निर्व्यसनी बायांमध्ये झाली होती, आणि आपण काही खात नाही हे मला सांगताना त्यांच्या डाव्या गालात खर्रा होता. गाल हलू न देता, ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून शब्द काढत त्या म्हणाल्या, "नाही वो माय, आमच्या घरच्या बाया सुपारीलेही हात नाही लावत." इतकं धडधडीत खोटं इतक्या मायेने बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. वर त्यांनी मला चहाही पाजला.

मी अर्पिता, आर्णीची. शिकले नागपुरात आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. खर्रा काय असतो ते मला कोणी सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, पुडी बांधायची आणि दिवसभर गालात ठेवायची. आमच्याकडे उपासाच्या दिवशीसुद्धा खर्रा चालतो, कारण तो खाण्यात धरतच नाहीत. या खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होऊन माझ्या नात्यातली दोन माणसं गेली आहेत, त्यामुळे या विषयावर माझं डोकं लवकर तापतं.

आमचं यंत्र दिसायला शाळेच्या कंपासपेटीएवढं. त्यात एक अतिशय पातळ पडदा असतो आणि पडद्याला इतकी बारीक छिद्रं, की एका छिद्रातून एका वेळी एकच रेणू जावा. छिद्रातून वीज वाहती ठेवायची. रेणू आत शिरला की वीज क्षणभर दबते, आणि ती किती दबली, किती वेळ दबली, यावरून कोण गेलं ते कळतं. आम्ही शोधत होतो ते सूक्ष्म आरएनए, म्हणजे पेशी बनवतात ते अगदी छोटे तुकडे. तोंडातल्या पेशी आतून बिघडायला लागल्या की यातले काही तुकडे त्या जास्त बनवतात, काही कमी, आणि ते लाळेत उतरतात. डाग डोळ्यांना दिसण्याच्याही आधी उतरू शकतात, म्हणून तर सगळा खटाटोप.

पण एकट्या तुकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. एखादा दात किडला तरी तो वाढतो. चार-पाच तुकडे एकदम पाहिले, कोण वाढला आणि कोण घटला याचा मेळ घातला, तरच काही बोलता येतं. म्हणून प्रत्येकाला पकडायला आम्ही वेगळा धागा बनवला आणि प्रत्येक धाग्याला वेगळी शेपटी लावली. संध्याकाळी गुरं फाटकातून आत येतात तेव्हा चुलीपुढची बाई नुसत्या घंटीवरून सांगते, लाल गाय आली, गोऱ्हा आला. आमचं छिद्र तसंच शेपटीवरून ओळखतं. एकाच थेंबात, एकाच वेळी, सगळे.

यंत्र खरं ठरवायला आम्ही यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव घेतलं, बोरी अरबच्या अलीकडचं. गावाचं नाव मी सांगणार नाही. आधीच त्या गावात माझ्यावर रागावलेली माणसं पुष्कळ आहेत. रीत अशी ठरली होती की आधी सगळ्यांची लाळ घ्यायची, यंत्रावर तपासायची आणि ज्यांच्यात खूण सापडेल त्यांना यवतमाळला नेऊन डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यायचं. तुलनेसाठी काही माणसं खर्रा खाणारी हवीत आणि काही कधीच न खाणारी. कोण खातं, कोण नाही, हे विचारायचं काम दुसऱ्या एका संस्थेच्या मुलांकडे दिलं होतं. ती मुलं शहरातली. त्यांनी घरोघर जाऊन ओसरीवर बसून विचारलं. खाटेवर सासरा, दारात सासू, सुनेच्या डोक्यावर पदर, आणि हा मुलगा विचारतो, "ताई, तंबाखू खाता का?" बहुतेक घरांत उत्तर सासऱ्यानेच दिलं.

तर असं झालं की पुरुष निघाले खाणारे आणि गावातल्या झाडून सगळ्या बाया निघाल्या निर्व्यसनी.

मग निकाल आले. खाणाऱ्या पुरुषांत यंत्राने जिथे खूण दाखवायची तिथे दाखवली. आणि निर्व्यसनी बायांमध्येही दाखवली, जवळजवळ तितकीच. आमच्या प्रयोगशाळेत सुतकी कळा आली. पडदे बदलले, धागे नव्याने बनवले, क्षार कमीजास्त करून पाहिला, पुन्हा तेच. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, बायकांच्या लाळेत संप्रेरकांमुळे काही वेगळं असेल, यंत्र फसतंय. मी म्हटलं, "सर, आमच्याकडच्या बाया खातात. लपून खातात." सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "त्यांनी तसं सांगितलंय का?"

राग आला, पण ते चुकत नव्हते. माझ्या अंदाजावर एखाद्या बाईला या गटातून उचलून त्या गटात टाकता येत नाही. उद्या कोणीही आपल्या सोयीने माणसं इकडची तिकडे करील. बाईने स्वतः सांगायला हवं होतं. म्हणून मी गावात परत गेले, घरोघर हिंडले, आणि पहिल्याच घरी विमलताईंनी मला तो गोड नकार दिला.

विमलताई म्हणजे बबनरावांची बायको. बबनराव गावातलं वजनदार माणूस. कापूस, सोयाबीन, तूर, घरचा ट्रॅक्टर. कोणाचं भांडण मिटवायचं असलं की लोक त्यांना बोलावतात, आणि ते जातातही. स्वतः दिवसभर खर्रा खातात आणि घरच्या बायकांचा निर्व्यसनीपणा चारचौघांत मिरवतात. मुलगा कपिल बापापुढे मान वर करत नाही. सून वैष्णवी, दारव्ह्याकडची, लग्नाला थोडीच वर्षं झालेली, अंगाने काटकुळी, हसली की घर उजळावं अशी. पण मी गेले तेव्हा ती हसत नव्हती.

कापसाची वेचणी चालू होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वावरातच गेले. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सगळ्या जेवायला बसल्या. वैष्णवीने भाकरीचा तुकडा मोडला, डब्याच्या झाकणात ओतलेल्या गार चहात बुडवला, मऊ झाल्यावर उजव्या गालाने हळूहळू चावला. ठेच्याकडे तिने बघितलंही नाही. विमलताई तिच्याकडे बघत होत्या. जेवण झाल्यावर त्या माझ्या बाजूला सरकल्या आणि कपाशीकडे बघत बोलल्यासारखं बोलल्या.

"ते मशीन कोनाले सांगते काय, कोन काय खाते ते?"

"नाही काकू. मशीनले खर्रा नाही समजत. तोंडातलं मास बिघडून राह्यलं का, तेवढंच समजते."

"आन् बायांचं काय निघालं?"

"निघालं बरंच. पन साहेब म्हनतात, बाया खातच नाहीत, तं मशीनच चुकलं असन. पुढच्या तपासनीले फक्त मानसं नेनार आहेत."

"बायांले सोडून देनार?"

"सोडून देनार."

त्यांनी कमरेच्या ओटीतून पुडी काढली, माझ्यासमोर, पहिल्यांदा. चिमूट घेतली, गालात ठेवली आणि पुडी वैष्णवीकडे गेली नाही. पुन्हा ओटीत गेली. वैष्णवीने हात अर्धा पुढे केला होता, तो तिने मागे घेतला.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा झाली. अभ्यासाचं पुढे काय ते गावाला सांगायचं, असा आमचा नियम. पुरुष खुर्च्यांवर, बाया मागे दरीवर, म्हणजे सतरंजीवर. सरांनी आपल्या स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगितलं की यंत्र स्त्रियांच्या बाबतीत अजून विश्वासार्ह ठरलेलं नाही, तेव्हा ज्या भगिनींच्या लाळेत काही दिसलं असेल त्यांनी घाबरून जाऊ नये, ती यंत्राची चूक आहे. पुरुषांना मात्र यवतमाळला यावं लागेल. बबनरावांनी मान डोलावली. बायांच्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसली ती मला आजही आठवते, आणि तिची मला चीड येते.

मागून आवाज आला, "साहेब, मशीन बरोबर आहे. आमी खोटं बोललो."

विमलताई उभ्या होत्या.

"विमल, खाली बस," बबनराव वळूनही न पाहता म्हणाले.

"बसीन न. बोलनं झालं का बसीन." त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. "साहेब, मी नवी नवरी होती तवापासून खर्रा खाऊन राह्यली. तुमच्या पोट्ट्यानं पुसलं तं माह्या मालकानं सांगतलं का नाही खात. मी तिथंच बसून होती. माह्या तोंडात होता, म्हनून बोलताही आलं नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. त्या त्याच्याकडे वळल्या. "हास बाप्पा. तुह्यी मायही खाते, घरी जाऊन पुस." हसणं थांबलं.

मग त्यांनी ते सांगितलं, जे आमच्या भागातल्या प्रत्येक वेचणाऱ्या बाईला माहीत आहे आणि ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. नवी सून पहिल्यांदा कापूस वेचायला आली की पाथीतल्या बाया, म्हणजे एका ओळीने वेचणाऱ्या, तिला आपल्या पुडीतली चिमूट देतात. तिने ती घ्यायची असते. घेतली की ती पाथीतली झाली. मग तिच्याशी बोलतात, तिला चिडवतात, तिची ओटी जड झाली की हात देतात. नाही म्हटलं तर ती एका टोकाला एकटी वेचत राहते. चिमूट बहुतेक सासूच देते. "मले माह्या सासूनं देल्ला. म्या वैष्णवीले देल्ला, या हातानं. पोरगी तोंड वाकडं करून राह्यली होती. म्या म्हनलं, घे वो, सवय होते."

"बास झालं," बबनराव आता उभे राहिले होते. "घरची इज्जत चावडीवर मांडून राह्यली तू?"

"इज्जतीले कॅन्सर नाही होत. पोरीले होते."

हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. खुर्च्यांच्या मधून चालत त्या थेट सरांपुढे गेल्या आणि भरल्या सभेत, गावातल्या यच्चयावत पुरुषांसमोर, त्यांनी तोंड उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. आपली दोन बोटं त्यांनी दातांमध्ये घालून दाखवली, ती आत जात नव्हती. वर्षानुवर्षांच्या सुपारीने गाल आतून आवळले होते. "हे पाहा. हे निर्व्यसनी तोंड. माह्यं राहू द्या. माह्या सुनेच्या गालात पांढरं आलं आहे, भाकर चहात बुडवून गिळते. तुमच्या मशीननं तिले धरलं असन आन् तुमी सोडून राह्यले."

तुम्हाला वाटेल, मग बाया एकामागून एक उठल्या असतील. एकही उठली नाही. सगळ्या दरीच्या दोऱ्या उसवत बसल्या. वैष्णवी तर मागच्या दाराने निघून गेली होती, कधी गेली तेही कळलं नाही. विमलताई एकट्याच उभ्या राहिल्या, आणि आपलं बोलणं झाल्यावर जाऊन जागेवर बसल्या, म्हटल्याप्रमाणे.

सरांना मी बऱ्याच गोष्टींसाठी माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी ते नीट वागले. म्हणाले, "सगळ्या स्त्रियांना पुन्हा विचारा. एकेकटीला. घराबाहेर." मग मी ओटी बांधून वेचायलाच गेले. झाडामागे, धुऱ्यावर, विहिरीपाशी विचारलं. बाया आधी लाजल्या, मग सांगायला लागल्या, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. ज्यांच्या लाळेत खूण होती त्या बहुतेक खाणाऱ्या निघाल्या. ज्या खरोखरच खात नव्हत्या त्यांच्या थेंबांत, एखाददुसरा अपवाद सोडला, तर छिद्रं शांत होती. यंत्र चुकलं नव्हतं. ओसरी चुकली होती. यवतमाळला न्यायच्या लोकांत बाया परत आल्या.

त्यांत वैष्णवीही होती, पण तिला न्यायला बबनराव तयार होईनात. ते मला म्हणाले, आपला बायकोच्या बोलण्यावर विश्वास नाही. विमलताईंना म्हणाले, सुनेला घेऊन त्या दवाखान्यात गेलीस, आन् दारव्ह्यात तिच्या माहेरी बातमी गेली, तर परत आल्यावर आधी गावासमोर सांग की तू भ्रमात बोलली, तवाच घरात पाय ठेव. विमलताई तेव्हा तूर पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "घर तुमचं असन. वावराचा सातबारा माह्याही नावानं आहे. वावरात राहीन." आणि पाखडत राहिल्या. कपिल दारात उभा होता. त्या दिवशी त्याने काय केलं, तर बापाला न विचारता ट्रॅक्टर काढला आणि दोघींना बस थांब्यावर सोडून आला. त्याच्यासाठी ते खूप होतं.

बसमध्ये वैष्णवी खिडकीशी बसली आणि यवतमाळपर्यंत सासूशी एक शब्द बोलली नाही. सभेनंतरचे सगळे दिवस ती बोललीच नव्हती. तिच्या माहेरी बातमी गेलीच होती. तिच्या आईने फोनवर रडून गोंधळ घातला होता, भावाने, खर्रा खाणारी बहीण म्हणून आता आमचं नाव निघणार, असं काहीतरी सुनावलं होतं. राग तिचा खराच होता. तोंडात जाळ होत होता, म्हणून ती आली होती. सासूने आणलं म्हणून नाही.

दवाखान्यात दोघींची तोंडं तपासली. आधी विमलताईंची. गाल आवळलेत, तोंडाचा व्यायाम करावा लागेल, खर्रा आजपासून बंद, पण वाईट काही नाही. त्यांच्या लाळेतही आमच्या यंत्राला काही सापडलं नव्हतं, हे मी त्यांना तिथे सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा एकदम पडला. "जनमभर म्या खाल्ला," त्या म्हणाल्या, "आन् धरलं तिले." मग त्या बाकावर बसून रडल्या, पदराचा बोळा तोंडात धरून, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

वैष्णवीच्या गालातला तुकडा काढून तपासायला गेला. निकाल आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण बिघाड वरच्याच थरात होता, खाली उतरला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला की झालं, पुढे नियमाने येऊन दाखवायचं. अजून वर्षभराने आली असती तर आपण वेगळं बोलत असतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो भाग काढला, टाके घातले, आणि वैष्णवी सुजलेल्या गालाने खाटेवर पडून राहिली.

विमलताईंनी घरून पातळ वरण आणलं होतं. ज्या घरात पाय ठेवायचा नव्हता त्याच घरच्या चुलीवर केलेलं. सकाळी बबनराव ओसरीवर बसले होते आणि त्या त्यांच्यासमोरून आत गेल्या, वरण केलं, डबा भरला आणि निघून आल्या. ते काही बोलले का, असं मी विचारलं. "बोलले असतीन. मी आयकलं नाही," त्या म्हणाल्या. भ्रमात बोलल्याचं त्यांनी गावासमोर सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हत्या.

त्यांनी चमचा पुढे केला. वैष्णवीने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच ती बोलली, सभेनंतर पहिल्यांदा, टाक्यांमुळे शब्द अर्धवट फुटत होते.

"सगळ्या गावात माह्यं नाव घेतलं. मले पुसलं नाही."

"नाही पुसलं," विमलताई म्हणाल्या. "पुसलं असतं तं तू नाही म्हनली असती."

"मी कधीच इसरनार नाही, आई. सांगून ठेवतो."

"नोको इसरू." विमलताईंनी चमचा तसाच धरून ठेवला होता. "रागाव माह्यावर. चांगली पिकून म्हातारी होतपर्यंत रागाव. त्याच्यासाठीच आनलं तुले."

मग वैष्णवीने तोंड इकडे वळवलं आणि, सासूकडे न बघता, जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं.